बिजागरीकाका डिकीत बसतात

चांगला शिकलासवरलेला, रक्तदाबाची गोळी घेणारा माणूस आपण होऊन गाडीच्या डिकीत जाऊन झोपतो, असं सहसा होत नाही. झालंच तर त्यामागे पोलीस तरी असतात, नाहीतर पैज. बिजागरीकाकांच्या मागे यातलं काहीच नव्हतं. त्यांच्या मागे ऑफिस होतं.

काकांना बिजागरीकाका म्हणायचे, कारण गाड्यांच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात दरवाजांच्या बिजागऱ्या आखण्यात घालवली होती. गाडी घ्यायला आलेला माणूस रंग बघतो, चाकं बघतो, आरशात स्वतःचा भांग बघतो. बिजागरीकडे आजवर कुणी बघितलेलं नाही. ती कुरकुरली तरच तिची आठवण होते, आणि तेव्हा तोंडातून जे निघतं ते कौतुक नसतं. अशा कामात माणूस नम्र होतो म्हणतात. काका सावध झाले होते. दार लावण्याआधी ते चारही बाजूंनी बघायचे, सगळ्यांची बोटं बघायचे, आणि शक्यतो लावायचेच नाहीत.

कारण बंद जागेची त्यांना भीती वाटायची. थोडीथोडकी नव्हे, तळहाताला घाम सुटून घशात काहीतरी अडकल्यासारखं होईल अशी. लिफ्टमध्ये ते जन्मात चढले नव्हते. आंघोळ करताना ते मोठमोठ्यानं गाणी म्हणत, ती हौस नव्हती. दाराला कडी लावलेली नसायची. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं. ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. ज्या माणसाच्या हाती कंपनीची सगळी दारं आहेत, त्यानंच दाराला घाबरावं, ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नाही.

तर कंपनीनं 'उद्याची कुटुंबगाडी' करायला घेतली. ही गाडी विकायची नव्हती. प्रदर्शनात ठेवायची होती. लोकांनी भोवती फिरून 'वा' म्हणायचं, फोटो काढायचे, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी तिच्यातला एखादा कप ठेवायचा खळगा खऱ्या गाडीत यायचा, इतकाच हेतू. तिच्या दोन दारांच्या मधे खांब नव्हता. दारं कपाटासारखी दोन्हीकडे उघडायची. छप्पर काचेचं होतं आणि ऊन लागलं की आपोआप दुधाळ व्हायचं. पुढच्या सीटा मागे वळून मागच्यांच्या तोंडाकडे तोंड करायच्या, म्हणजे प्रवासभर कुटुंबानं एकमेकांकडे बघत बसायचं. ही कल्पना ज्याला सुचली तो अविवाहित होता.

तो म्हणजे मुख्य डिझायनर. बारा महिने काळे कपडे. त्यानं आधी खऱ्या मापाची मातीची गाडी घडवून घेतली होती. तिच्याभोवती तो डोळे बारीक करून फिरायचा आणि तिच्या खांद्यावरची, दारांवरून सलग जाणारी रेघ बोटानं कुरवाळायचा. "कुटुंब ही वस्तू नाहीये," तो म्हणायचा, "कुटुंब हा प्रवाह आहे." काकांच्या अनुभवाप्रमाणे कुटुंब म्हणजे खिडकीवरून भांडण आणि पिशवीत लवंडलेली पाण्याची बाटली. पण मीटिंगमध्ये ते मान हलवायचे. मान हलवल्यानं मीटिंग लवकर संपते.

याच गाडीसाठी काकांनी एक सीट सुचवली होती.

काकूंच्या शेवटच्या वर्षात त्यांना दवाखान्यात न्यायचं म्हणजे गाडीत बसवणं हेच मोठं काम असायचं. आधी पाठ, मग वाकवून डोकं, मग एकेक पाय हातानं उचलून आत. दार काकांनीच आखलेलं होतं. त्या दाराला बक्षीस मिळालं होतं. काकू गेल्यावर काकांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. सीट आखली.

दार उघडलं की ही सीट बाहेर वळायची, पुढे सरकायची आणि खुर्चीसारखी खाली यायची. माणसानं नुसतं टेकायचं. मग तीच त्याला उचलून, फिरवून, आत नेऊन ठेवायची.

"रेघ तुटते, काका," डिझायनर म्हणाला.

"रेघ परत जुळते. सीट आत गेली की."

"मधल्या वेळात तुटते ना. आणि आपलं कुटुंब तरुण आहे."

"तरुण कुटुंबाला आईबाप नसतात?"

"असतात. चित्रात नसतात."

बरीच ओढाताण झाल्यावर असं ठरलं, की सीट प्रदर्शनात चालली, लोकांना आवडली, तर पुढच्या आराखड्यात राहील. नाहीतर तिच्या जागी छोटा फ्रिज येईल. काका त्या दिवसापासून फ्रिजकडे बघताना डोळे वटारू लागले. घरच्यासुद्धा.

आता या गाडीत एक बाई होत्या. म्हणजे आवाज होता. तो ज्यांनी बनवला त्या बाईंना सगळे मूडमॅडम म्हणत. सीटांमध्ये तारा होत्या, त्या माणसाची धडधड मोजायच्या. कोपऱ्याकोपऱ्यात छोटे माइक होते, ते श्वास ऐकायचे. कोण चिडलंय, कोण रडवेलं झालंय, हे ओळखून गाडी दिवे बदलायची, गार हवा सोडायची आणि समजुतीचं बोलायची. घरात आयुष्यभर कुणी समजुतीचं बोललं नाही त्यांनी निदान गाडीत तरी ऐकावं, असा उदात्त विचार त्यामागे होता. डिझायनरच्या चित्रात मागच्या बाजूला एक कुत्रा बसला होता, म्हणून डिकीतही माइक बसवला गेला. पुढे प्रदर्शनातून कुत्रा रद्द झाला, कारण सरावाला आणलेला कुत्रा काळे कपडे बघून डिझायनरच्या अंगावर धावून गेला. कुत्रा गेला. माइक राहिला.

काकांच्या सीटचं आणि या आवाजाचं जमेना. सीट उचलायला लागली की बसणाऱ्याची छाती जरा धडधडतेच. लगेच गाडी म्हणायची, "तुम्ही अस्वस्थ आहात, थांबूया," आणि सीट मधल्या मधे थांबवायची. प्रदर्शन तोंडावर आलेलं. शेवटी मोटरची तार काढून टाकायची आणि सीट हातानं फिरवायची असं ठरलं. सीटखालून एक दांडा मागे डिकीत न्यायचा, त्याला हँडल, आणि डिकीत एक माणूस. लोकांना वाटेल, गाडीच सगळं करतेय.

"बसणार कोण?" मूडमॅडमनी विचारलं.

दांडा कुठे अडतो, कुठे जोर लावायचा, कुठे सोडायचा, हे अजून एका काकांच्याच मनगटाला माहीत होतं. डिझायनर खिशातून फोन काढून बघू लागला. फोनवर फ्रिजचं चित्र होतं, असं काकांना पक्कं वाटलं.

"मी बसतो," काका म्हणाले.

मग त्यांना डिकीचं झाकण आठवलं. पण शब्द तोंडातून गेले होते.

*

घरी आल्यावर काकांनी विचार केला, सवय केली पाहिजे. पोहायला शिकणारा आधी उथळ पाण्यात उतरतो. घरात उथळ पाण्यासारखी एकच जागा होती, कपड्यांचं कपाट. काकांनी खालचा कप्पा रिकामा केला, आत शिरले, गुडघे हनुवटीला लावले आणि दार ओढून घेतलं. पूर्ण नाही. चार बोटं फट ठेवून.

मुलगी कामावरून आली तर पलंगावर कपड्यांचा ढीग आणि कपाटात वडील.

"बाबा?"

"हं."

"काय करताय?"

"ऑफिसचं काम."

ती पलंगाच्या कडेला बसली. काकांनी आतूनच सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "नाही म्हणून सांगा ना त्यांना."

"नाही म्हटलं तर फ्रिज येतो."

"मग फट थोडी कमी करून बघू का?" ती म्हणाली. तिनं दार बोटभर ढकललं. आतून एक आवाज आला. त्या आवाजाला शब्द म्हणता येणार नाही. तिनं दार उघडून टाकलं.

या आवाजानं शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर आले. शेजाऱ्यांना मदतीची हाक ऐकू येत नाही, पण नवल ऐकू येतं. काकांना कपाटातून बाहेर येताना त्यांनी अगदी शांतपणे पाहिलं, जणू ते काकांना नेहमी तिथेच भेटत होते, आणि खुर्ची ओढून बसले.

"घाबरायचं काही नाही," पोस्टमास्तर म्हणाले. "मी लिफ्टमध्ये अडकलो होतो ना एकदा. काही होत नाही. पहिल्यांदा दिवा जातो. मग पंखा जातो. मग माणसाला वाटायला लागतं की हवा संपतेय. संपत नाही हां ती. नुसती जड होते."

"जड?" काका म्हणाले.

"माझ्याबरोबर एक होता, तो तर भिंत नखांनी—"

"पोस्टमास्तरकाका," मुलगी म्हणाली, "चहा घेणार?"

"साखर कमी. तर सांगत काय होतो, तोंडात आल्याचा तुकडा ठेवायचा. आणि मनात उलटे आकडे म्हणायचे. मी म्हटले होते."

"त्यानं भीती गेली?"

"छे. पण आकडे पाठ झाले."

काकांनी आलं घेतलं. आल्यानं भीती कमी झाली नाही, उलट तिला एक चव आली. पुढे कितीतरी दिवस चहात आलं पडलं की काकांचे तळहात ओले व्हायचे.

ऑफिसात वेगळीच तऱ्हा. सुरक्षा अधिकाऱ्यांनी काकांना समोर बसवलं आणि पेन कानावर ठेवून विचारात पडले. गाडीत माणूस ठेवायचा तर त्याला पट्टा पाहिजे. डिकीत पट्टा नाही. म्हणजे डिकीत माणूस ठेवता येत नाही. डिकीत ठेवता येतं ते फक्त सामान.

"मग मला सामान धरा," काका म्हणाले. ते चिडून बोलले होते. अधिकाऱ्यांचा चेहरा मात्र उजळला.

"हे बरं सुचवलंत. सामानाला पट्टा लागत नाही. नुसतं वजन आणि चिठ्ठी."

काकांना गोदामात नेऊन तोलकाट्यावर उभं केलं. ज्या माणसानं ते केलं तो आदबशीर होता. "साहेब, जरा श्वास सोडा, काटा हलतोय," एवढंच म्हणाला आणि काकांच्या खिशावर चिठ्ठी चिकटवली: नाजूक. उलटे ठेवू नये. मोठ्या हुद्द्याच्या माणसाला काय वाटलं असेल, ते कुणी विचारलं नाही. तसं विचारलं असतं तर काकांना चिठ्ठीचं काही वाटलं नव्हतं. उलट हे कुणीतरी एकदा लिहून लावलं, याचं जरा बरंच वाटलं होतं. त्यांना वाटत होतं ते एकच: झाकण लागल्यावर काय.

*

प्रदर्शनाच्या दिवशी काका बूट काढून डिकीत शिरले. बुटांच्या टाचा आतल्या पत्र्यावर वाजायच्या, म्हणून नुसते मोजे. आत नव्या गालिच्याचा आणि गोंदाचा वास होता. गुडघे छातीशी, हँडल पोटाशी, डोकं एका बाजूला कलतं. मुलगी खास बघायला आली होती. ती पुढच्या रांगेत होती, हे त्यांना माहीत होतं.

"काका, ठीक?" मूडमॅडमनी वाकून विचारलं.

"ठीक," काका म्हणाले. माणूस खोटं बोलतो तेव्हा आवाज किती वर जातो, हे त्या गाडीला कळायचं. मूडमॅडमना कळलं नाही. त्यांनी झाकण लावलं, पण काकांच्या विनंतीवरून पुरतं दाबलं नाही. एक दोरा उजेड आत येत राहिला. काका त्या दोऱ्याकडे डोळे लावून पडून राहिले.

बाहेर संगीत सुरू झालं. भाड्यानं आणलेलं कुटुंब आलं: बाबा, आई, आजी आणि एक मुलगी, सगळे हसरे. आजीचं काम करणाऱ्या बाई मात्र खरोखरच वयस्क होत्या. दारं उघडली. लोक 'वा' म्हणाले. सीटा वळल्या. पुन्हा 'वा'.

"आजी, या," गाडी म्हणाली.

ही खूण होती. काकांनी हँडल फिरवलं. सीट बाहेर वळली, सरकली, खाली गेली. मग दांड्यावर वजन आलं. ते वजन काकांच्या मनगटात उतरलं, आणि त्यांनी दम धरून सीट वर घ्यायला सुरुवात केली. अर्ध्यावर आली असेल, एवढ्यात बाहेरचे दिवे बदलले. दोरा गेला.

आता काळोख होता. नुसता नव्हे, डोळे उघडे की मिटलेले तेच कळू नये असा. काकांनी हात वर केला तर झाकण नाकाच्या अगदी पुढ्यात होतं. श्वास आत जाईना, गेलेला बाहेर येईना. हवा जड झाली. पोस्टमास्तर खरं बोलत होते. काका कुत्र्यासारखे धापा टाकू लागले.

"मागे तुमचा लाडका प्राणी घाबरला आहे," गाडी म्हणाली.

सभागृहात हसू फुटलं. भाड्याच्या कुटुंबाला काहीही झालं तरी हसत राहायचं आणि गाडीचं ऐकायचं असं शिकवलेलं होतं. आईचं काम करणारी मागे वळून म्हणाली, "अले, घाबलायचं नाही हं, बाळा!"

"उडी मारून त्याला इजा होऊ नये, म्हणून मागचं दार बंद करत आहे."

खट्.

तो आवाज काकांच्या ओळखीचा होता. ती कडी त्यांच्याच विभागातली. आतून ती कशानंही उघडत नाही, हे त्यांच्याइतकं खात्रीनं जगात कुणी सांगू शकलं नसतं. त्यांच्या हातातून हँडल सुटलं. बरं, सीटला आपोआप रोखणारी खीळ त्यांनी घातली होती, म्हणून आजी खाली आपटल्या नाहीत. होत्या तिथेच लटकल्या.

"प्राण्याची भीती वाढत आहे," गाडी म्हणाली. "कृपया त्याच्याशी प्रेमानं बोला. तो शांत होताच दार उघडेल." आणि तिनं डिकीत लव्हेंडरचा वास सोडला.

पत्र्याला लागून कुजबुज आली. मूडमॅडम होत्या. "काका, हळू श्वास घ्या. तुम्ही शांत झाल्याशिवाय ती उघडणार नाही."

"बंद करा तिला!"

"करतेय हो! पण ती माझा आवाज ओळखून सुरू-बंद होते, आणि आत्ता माझाच आवाज कापतोय. मला म्हणतेय, आधी पाणी प्या."

काकांनी उलटे आकडे म्हणायला घेतले आणि पहिल्याच आकड्याला विसरले. आपण इथेच जाणार, त्यांना वाटलं. लोकांसमोर, मोज्यांत, प्राणी म्हणून.

"अहो डिकीतले!"

हा आवाज वेगळा होता. वरून येत होता, जरा चिडका. आजींचा.

"आत माणूस आहे का?"

"आहे," काका कसेबसे म्हणाले.

"मग मला असं अधांतरी कशाला ठेवलंय? माझे गुडघे नाटकातले नाहीत हो. खरेच आहेत."

"मला इथे काही दिसत नाही, बाई."

"मला दिसतंय ना. जमीन लांब आहे."

काकांचा हात अंधारात चाचपडत हँडलवर गेला. "तुम्ही सीटची कड धरा," ते म्हणाले. "घट्ट नको, नुसती धरा. मी खाली घेतोय. पाय कुठवर आलाय ते सांगत राहा."

"अजून नाही."

"आता?"

"अजून. अजून जरा... हां, हां, हळू."

"टेकला का?"

"एक टेकला."

"दुसऱ्याची घाई करायची नाही. त्याला हातानं उचलून ठेवा. सावकाश. पडणार नाही तुम्ही. मी धरलंय."

हा आवाज काकांच्या कानांना ओळखीचा वाटला. आपलाच, पण काकू गेल्यापासून न ऐकलेला. भीती गेली नव्हती. होती तिथेच, नाकासमोर होती. फक्त आत्ता तिच्याकडे बघायला त्यांना सवड नव्हती.

"टेकले दोन्ही," आजी म्हणाल्या.

सभागृहात कुणी हसत नव्हतं.

"तुमचा लाडका प्राणी आता शांत आहे," गाडी म्हणाली, आणि डिकी उघडली.

सगळे दिवे एकदम अंगावर आले. लोकांना दिसलं ते असं: डिकीत आडवा पडलेला एक पोक्त गृहस्थ, पायांत मोजे, त्यातल्या एकाला अंगठ्याशी भोक, हातात हँडल, खिशावर चिठ्ठी. मग मात्र हशा झाला. तो बराच वेळ चालला. काका उठायला गेले तर पायांना मुंग्या आलेल्या. ते तसेच डिकीच्या काठावर बसून राहिले आणि तोंड उघडून हवा घेत राहिले. पुढच्या रांगेतली मुलगी हसत नव्हती. ती उभी राहिली होती.

डिझायनर मंचाच्या कडेला काळ्या पडद्यासमोर काळ्या कपड्यांत उभा होता, त्यामुळे नुसता चेहरा दिसत होता. तो चेहरा फ्रिजसारखा गार होता.

"अहो," आजी सीटवर बसूनच म्हणाल्या, "आता आत कोण नेणार? तुम्ही माझं अर्धंच काम केलंत."

काकांनी हँडल धरलं. आता लोकांच्या देखत, उघड्यावर. सीट उचलली गेली, वळली, आजी आत जाऊन बसल्या. त्यांनी मान टेकली. "बाई गं," त्या म्हणाल्या. "एकदासुद्धा वाकावं लागलं नाही."

त्यांच्या पाठांतरात हे वाक्य नव्हतं.

पहिल्यांदा काठीवाला एक गृहस्थ मंचावर चढला. त्यानं कुणाला विचारलंही नाही. "मला बघू द्या," म्हणाला आणि आजी उतरायची वाट बघत उभा राहिला. त्याच्यामागे एक जाड बाई, आपल्या नवऱ्याला दंडाला धरून. "यांच्या पाठीचं ऑपरेशन झालंय. बसवू का?" मग आणखी कुणी. काचेचं छप्पर दुधाळ होत होतं, दिवे रंग बदलत होते, तिकडे कुणी बघत नव्हतं. मूडमॅडमनी पाणी प्यायल्यावर आवाज बंद झाला होता. काका डिकीच्या काठावर बसून हँडल फिरवत होते आणि प्रत्येकाला सांगत होते, "कड धरा. घाई नको."

दुपार कलली तेव्हा डिझायनर जवळ आला. त्यानं हँडलकडे बघितलं. डोळे बारीक केले. मान एका बाजूला, मग दुसऱ्या.

"हे हँडल," तो म्हणाला, "काळं करता येईल?"

काकांना अर्थ कळायला जरा वेळ लागला. "येईल," ते म्हणाले. "हँडल काय, कुठल्याही रंगाचं होतं."

तो गेला. रांग संपत आली होती. शेवटच्या म्हाताऱ्याला उतरवून काकांनी मनगट चोळलं, आणि वर बघितलं तर सीटसमोर मुलगी उभी.

"तू काय? तू धडधाकट आहेस."

"हो."

"मग?"

ती सीटवर टेकली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. "आईला कसं वाटलं असतं, बघायचंय," ती म्हणाली.

काकांनी हँडल धरलं, आणि इतर सगळ्यांना फिरवलं होतं त्याहून हळू फिरवू लागले.